थैलीतली दोन वजने



आपल्या मंडळीत आता बऱ्याच घरांसमोर सात आसनी गाडी दिसते. नवी परवडत नाही, म्हणून बहुतेक जण जुनीच घेतात. आम्हीही तशीच घेतली. घरात आम्ही दोघे, आई-दादा आणि तीन मुले, असे सात जण. आमच्या छोट्या गाडीत पाचच मावत, त्यामुळे रविवारी उपासनेला दोन फेऱ्या व्हायच्या. आधी आई-दादांना चर्चच्या दारात सोडायचे, मग घरी येऊन मुलांना न्यायचे. पहिले गीत आम्हाला क्वचितच मिळे. या खरेदीच्या काळात प्रभूने आम्हाला पवित्र शास्त्रातली एक गोष्ट नव्याने शिकवली, ती आज सांगत आहोत.

कोणती गाडी घ्यावी हे आईच्या गुडघ्यांनी ठरवले. इनोव्हा मोठी आणि दणकट, पण तिच्यात चढायला पाय उंच उचलावा लागतो. अर्टिगा त्या मानाने खाली आहे. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. मागच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे छातीला लागतात, पण मुले आनंदाने बसतात. म्हणून अर्टिगा शोधायची ठरली.

बेळगावात राहणाऱ्याला कोल्हापूरच्या गाड्याही जवळच्या वाटतात. एमएच 09 पाटीची एक गाडी आम्हाला स्वस्तात मिळत होती. पण राज्याबाहेरची गाडी कायमची इकडे आणायची म्हणजे तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28 लागतो. इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा रस्ता कर पुन्हा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा काही भाग परत मिळू शकतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. सगळे जोडल्यावर ती गाडी स्वस्त राहिली नाही. केए 22 पाटीचीच बघायची असे ठरले.

बघायला जाताना मंडळीतल्या एका मेकॅनिक बंधूंना बरोबर नेत होतो. ते आधीच फोन करून सांगत, “आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.” थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना बरेच काही सांगते. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. एका गाडीचा मीटर बासष्ट हजार दाखवत होता, पण क्लचच्या पेडलचे रबर पार गुळगुळीत झाले होते. बंधू म्हणाले, “मीटर मागे फिरवता येतो, रबर नाही.” आम्ही नमस्कार करून निघालो.

आणखी एक तपासणी होती, ती आम्ही स्वतः करायचो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. गाडी पुरात बुडालेली असेल तर धुऊन-पुसून सगळे चकचकीत करता येते, पण पट्ट्याच्या आतल्या भागावर कधी कधी गढूळ पाण्याची रेघ राहते. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात ही खबरदारी घ्यायलाच हवी.

ही युक्ती आम्हाला कोणी शिकवली नव्हती. आमच्या स्वतःच्या छोट्या गाडीच्या पट्ट्यावर तशी रेघ होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती सांगलीला पाहुण्यांच्या दारात उभी होती आणि सीटपर्यंत पाणी चढले होते. विम्यातून दुरुस्ती झाली, पण दर पावसाळ्यात एखादा दिवा उगाच लागायचा, एखादी काच अडायची.

आता ही गाडी विकूनच मोठीचे पैसे उभे राहणार होते. एजंटने खानापूरकडचा एक तरुण आणला. त्याची पहिलीच गाडी. त्याने रंग बघितला, चक्कर मारली, दोन लाख नव्वद हजार कबूल केले. पुराविषयी त्याने विचारले नाही. एजंट आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, “ओ सर, त्यानं विचारलं नाही, तुम्ही सांगू नका. खोटं बोला असं मी म्हणतोय का?”

दोन दिवस घरात यावर बोलणे झाले. आमच्यात एकमत नव्हते. दुरुस्ती रीतसर झाली आहे, गाडी चालते आहे, मग सांगायलाच हवे का? आणि सांगितले तर चाळीस हजार कमी येतील, हे उघड होते. आपल्यासारख्या घरात चाळीस हजार ही लहान रक्कम नाही. शेवटी दादा म्हणाले, “घ्यायला जाता तेव्हा पट्टे ओढून बघता ना? मग या पोराला कोणी सांगायचं, पट्टा ओढून बघ म्हणून?”

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही अनुवादाचा पंचविसावा अध्याय वाचला. देव आपल्या लोकांना सांगतो की थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नका, एक मोठे आणि एक लहान. दोन कशाला लागतात, हे बाजारात गेलेल्या प्रत्येकाला कळते. घेताना मोठे काढायचे, देताना लहान. आपल्याकडे आता तराजूची थैली नाही, पण वजने आहेत. घेताना आपल्याला सगळे खरे हवे असते आणि विकताना “विचारले नाही” एवढे पुरते. नीतिसूत्रांचा विसावा अध्याय तर गिऱ्हाइकालाही सोडत नाही. माल वाईट म्हणत भाव पाडायचा आणि घरी जाऊन फुशारकी मारायची, ही सवय त्यात नेमकी पकडली आहे. म्हणून आम्ही असेही ठरवले की समोरच्याच्या गाडीत जो दोष खरोखर दिसेल, तेवढ्याचाच भाव कमी करून मागायचा.

आम्ही त्या तरुणाला फोन करून सगळे सांगितले. तो आला नाही. पुढे महिनाभराने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने सगळे ऐकून, पट्टा ओढून बघून, दोन लाख पन्नास हजारांना गाडी नेली. तोवर आम्ही मनात धरलेली अर्टिगा विकली गेली होती. नाताळ दोन फेऱ्यांतच गेला. फेब्रुवारीत आम्हाला 2014 ची एक मिळाली, ठरवली होती त्यापेक्षा दोन वर्षे जुनी. तिची नोंदणी 2029 पर्यंत आहे, त्यानंतर फिटनेस करून ती पुढे वाढवावी लागेल.

प्रभूने गेलेले चाळीस हजार दुप्पट करून दिले, अशी साक्ष आमच्याकडे नाही. ते गेले ते गेलेच. त्या अध्यायात देवाने खऱ्या वजनाला आशीर्वाद जोडला आहे, पण तो नफ्याचा हिशेब नाही. आम्हाला एवढेच मिळाले की रस्त्यात ती जुनी गाडी समोरून आली तर आम्हाला मान वळवावी लागत नाही, आणि रात्री प्रार्थनेला बसताना मुलांपासून लपवायचे काही नाही. सगळा व्यवहार त्यांनी डोळ्यांनी बघितला आहे.

तुमच्यापैकी कोणी अशी गाडी घेणार असाल तर कागद नीट बघा. पिवळ्या पाटीची टॅक्सी नंतर पांढरी केली आहे का ते तपासा. कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून ठेवून देऊ नका, लगेच भरा. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. अब्राहामानेही मकपेलाची गुहा घेताना 400 शेकेल चांदी सगळ्यांसमोर मोजून दिली होती. चोख व्यवहार हा विश्वासाचा शत्रू नाही.

आणि तुमची जुनी विकताना तोच पट्टा स्वतः ओढून दाखवा.

हे प्रभू, आमच्या घेण्याला आणि देण्याला एकच वजन असू दे. जे विचारले जात नाही तेही खरे सांगण्याचे धैर्य आम्हाला दे. तू दिलेल्या वाहनातून आमची घरे तुझ्या मंदिराकडे सुखरूप येवोत. येशूच्या नावाने मागतो, आमेन.