जहाजावरची इस्त्री
मुंबईहून क्रूझवर निघताना तपासणीत अम्मींच्या बॅगेतली ऊद जाळायची विजेची धुपदाणी बाजूला काढली. "बुरखा पाहिला म्हणून," त्या पुटपुटल्या. तसं वाटणं आपल्याला नवं नाही. पण मागच्या कुटुंबाची इस्त्री आणि किटलीही पावती देऊन ठेवून घेतली. परतताना मिळणार होती.

भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. म्हणून इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती यांना बहुतेक क्रूझ जहाजांवर मनाई असते. मार्च २००६ मध्ये जमैकाकडे निघालेल्या 'स्टार प्रिन्सेस'वर आग लागली. नीट न विझवता टाकलेली सिगारेट हे संभाव्य कारण तपासात निघालं. ७९ केबिन निकामी झाल्या, एका प्रवाशाचा जीव गेला.

दोन मजल्यांच्या जहाजाची हदीस आपण मुलांना शिकवतो. खालच्यांनी पाण्यासाठी तळाला भोक पाडलं आणि वरच्यांनी अडवलं नाही, तर सगळेच बुडतात. अम्मींना हे लगेच पटलं.

नियम सर्वांना सारखा असेल तर पाळण्यात कमीपणा नाही. तो सारखा लावला जातो का, हे विचारण्याचा हक्कही आपलाच.