सातांत मोठा कोणता?

चि. भाचीस,


धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी तुला विचारलं, सात संस्कारांत मोठा कोणता. तू म्हणालीस, सगळे सारखेच. उत्तर गोड आहे, पण चर्चचं नाही. त्रेंतच्या धर्मपरिषदेने 3 मार्च 1547 रोजी संस्कारांविषयी जे नियम मंजूर केले, त्यांतला तिसराच नियम म्हणतो की सातही संस्कार एका तोलाचे मानणं ही चुकीची शिकवण आहे. लगेच पुढचा, चौथा नियम आणखी एक गोष्ट जोडतो: तारणासाठी संस्कार आवश्यक आहेत, पण प्रत्येक माणसाला सातही आवश्यक नाहीत.

हे इतकं ठासून सांगायची वेळ धर्मसुधारक ल्यूथरमुळे आली. त्याने 1520 मध्ये संस्कारांची संख्या दोनवर आणली होती, स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, आणि प्रभुभोजन. खरं तर सात हा आकडाही पहिल्या दिवसापासून पक्का नव्हता. बाराव्या शतकात पीटर लोम्बार्डच्या ग्रंथामुळे तो रूढ झाला; त्याआधी कोणी राजाच्या अभिषेकालाही या यादीत बसवत.

मोठा कोणता, याचा सर्वांत स्वच्छ विचार तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी केला. त्यांनी प्रश्नाचे दोन प्रश्न केले. थोर कोणता? मिस्सेतलं ख्रिस्तशरीर, कारण इतर संस्कारांतून ख्रिस्ताची कृपा मिळते, इथे ख्रिस्त स्वतः असतो, आणि बाकीचे सहा याच्याकडेच नेतात. आवश्यक कोणता? तिथे पहिला मान स्नानसंस्काराचा. बाप्तिस्म्यानंतर ज्याच्या हातून गंभीर पाप घडलं त्याला प्रायश्चित्त हवं, आणि गुरुदीक्षा हवी ती एकेका माणसाला नव्हे, साऱ्या चर्चला.

मुलांना हा फरक अक्विनासच्या नावाने कळणार नाही. त्यांना जपानची हकिकत सांग. ती आपल्या वसईशी जोडलेलीही आहे.

जपानमध्ये 1614 साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. लपूनछपून फिरणारे धर्मगुरू एकेक करून पकडले गेले आणि 1644 मध्ये त्यांतला शेवटचा मारला गेला. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर शेतकरी-कोळी कुटुंबं उरली. मिस्सा नाही, पापनिवेदन ऐकायला कोणी नाही, दृढीकरणाला बिशप नाही, मरणाऱ्याला तेल लावणारा हात नाही. नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या लोकांनी तीन माणसं नेमली. एकाने सणवारांचं पंचांग सांभाळायचं, एकाने पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा, एकाने घरोघर निरोप पोचवायचा. दोनशेहून अधिक वर्षं हे चाललं. सातांपैकी त्यांच्या हाती दोनच उरले होते: बाप्तिस्मा आणि लग्न. पापांसाठी त्यांनी 1603 मधली एक पुस्तिका हातांनी नकलून जपली होती. धर्मगुरू मिळत नसेल तेव्हा मनापासूनचा पश्चात्ताप कसा करावा, हे ती शिकवत असे. त्रेंतच्या परिषदेनेही 1551 मध्ये मान्य केलं होतं की देवावरच्या प्रेमातून आलेला पूर्ण पश्चात्ताप, संस्काराची ओढ मनात असेल तर, संस्काराआधीच माणसाचा देवाशी समेट घडवतो.

पुढे 17 मार्च 1865 रोजी उराकामीची काही माणसं नागासाकीच्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये शिरली. परदेशी लोकांसाठी बांधलेलं ते चर्च होतं. उराकामीहून आलेल्या एका बाईने फादर बर्नार पतिझाँ यांना हळूच सांगितलं की आमची श्रद्धा तुमचीच आहे, आणि मारियामातेची मूर्ती कुठे आहे असं विचारलं. ते चर्च ज्या सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेलं आहे, त्यांत आपला गोन्सालो गार्सिया आहे. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन ब्रदर 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला.

आता पुढचा भाग नीट सांग. उराकामीच्या लोकांना फादर मिळाले, तेव्हा आमचं पाण्यावर भागलं, आता बाकीचं कशाला, असं ते म्हणाले नाहीत. ते मिस्सेसाठी आणि पापनिवेदनासाठी येत राहिले. बंदी अजून उठलेली नव्हती. घरच्या मयताला बौद्ध भिक्षूला बोलवायचं नाकारल्यावर प्रकरण उघडं पडलं, आणि 1868 पासून तीन हजारांहून अधिक माणसं देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार झाली. शेकडो माणसं तिथेच मेली. 1873 मध्ये उरलेल्यांना परत येता आलं.

कोरियात याची दुसरी बाजू दिसते. यी सुंग-हुन याने 1784 मध्ये पेकिंगला बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. मग या नव्या मंडळींनी आपल्यातूनच धर्मगुरू निवडले आणि मिस्सा अर्पण करायला सुरुवात केली. श्रद्धा खरी होती, ओढही खरी होती. तरी शंका आली, पेकिंगच्या बिशपना पत्र गेलं आणि उत्तर आलं की गुरुदीक्षेवाचून मिस्सा होत नाही. त्यांनी मिस्सा थांबवली. दिलेले बाप्तिस्मे मात्र टिकले. मग ते धर्मगुरूंची वाट पाहत राहिले, आणि 1794 च्या अखेरीस फादर चौ वेन-मो हे चिनी धर्मगुरू गुपचूप सीमा ओलांडून आले.

या दोन हकिकतींत अक्विनासची दोन्ही उत्तरं आहेत. जे प्रत्येकाला हवं ते चर्चने सर्वांत सोपं ठेवलं: साधं पाणी, त्रैक्याचं नाव, आणि गरजेच्या वेळी चर्चचा हेतू मनात धरणारा कोणीही माणूस, अगदी अख्रिस्तीसुद्धा. 1439 च्या फ्लोरेन्सच्या परिषदेने हे सांगितलं, आजचा धर्मकायदाही तेच सांगतो. जे सर्वांत थोर, त्याच्यासाठी मात्र वाट पाहावी लागते. तुझ्या मामाला वाटतं, आपल्याकडे नेमकं इथेच चुकतं. मिस्सा रोज मिळते म्हणून ती नेहमीची वाटते, आणि बाप्तिस्म्याचा विचार बारशाच्या जेवणावळीपाशी संपतो.

दृढीकरणावर फार वेळ घालवू नकोस, मुलांचं ते पुढे व्हायचंच आहे. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाबद्दल एवढंच सांग की तो फक्त अखेरच्या घटकेसाठी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये हे स्पष्ट केलं, तरी फादर घरी आले की घरची माणसं अजून घाबरतात.

एक मुलगा विचारेल, फादर होणं लग्नापेक्षा मोठं ना? त्याला गोन्सालोबद्दल सांग. तो व्यापारी होता, मग ब्रदर झाला. गुरुदीक्षा त्याला कधीच मिळाली नव्हती. त्याच्यासह त्या सव्वीस जणांत सतरा तर कोणत्याही संघाचे व्रतस्थ नसलेले साधे प्रापंचिक होते. 1862 मध्ये पोप पायस नववे यांनी सर्वांना एकाच दिवशी संतपद दिलं. मात्र ज्या मिस्सेसाठी उराकामीचे लोक पिढ्यानपिढ्या थांबले, ती गुरुदीक्षा झालेल्या हातांशिवाय होत नाही, हेही त्याच दमात सांग. एवढ्यासाठी त्या संस्काराचा मान वेगळा आहे.

मोठ्या मुलांना संकटकाळचा बाप्तिस्मा कसा द्यायचा ते करून दाखव: डोक्यावर पाणी ओतायचं, ओततानाच ‘मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हे शब्द म्हणायचे, आणि नंतर धर्मग्रामात फादरना कळवायचं, म्हणजे नोंद होते. एखादी मुलगी उद्या परिचारिका होईल, रात्रपाळीला अर्धमेलं बाळ तिच्या हातात येईल, आईबाप बाप्तिस्मा मागतील, आणि फादर यायला वेळ नसेल. तेव्हा तिला हे यायला हवं.

तुझा मामा