खिडकीवरचा बिल्ला

वाळूजच्या बजाजनगरात सगळ्यांचा रविवार एकाच दिवशी येत नाही. कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाची नाइट, कुणाची साप्ताहिक सुट्टी भलत्याच वारी. म्हणून आमची घरगुती प्रार्थना संध्याकाळी भरते, आमच्याच रो-हाउसच्या वरच्या खोलीत. पंधरा-वीस माणसं, दोन चटया, एक ढोलकी. गेल्या पावसाळ्यात प्रार्थना झाल्यावर एक पोरगा मागे रेंगाळला. लातूरकडचा, व्हेंडर कंपनीत कंत्राटावर. चपलेत पाय घालत म्हणाला, "काका, मला काहीच मिळालं नाही."

मला वाटलं, बोनसचं म्हणतोय. पण तो म्हणत होता कृपादानाचं, पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या देणगीचं. कुठल्याशा सभेत एका पाहुण्या उपदेशकानं सांगितलं होतं की, ज्याला अन्य भाषांत, म्हणजे प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत, बोलता येत नाही त्याच्यात पवित्र आत्मा उतरलेलाच नाही. पोरानं दोन रविवार उपास करून पाहिला होता. जीभ जागची हलली नव्हती.

मी सव्वीस वर्षं टूल स्टोअरच्या खिडकीवर काढली. कामगार आला की स्वतःच्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, मी तो हुकाला अडकवायचा आणि व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर हातात ठेवायचा. कोणतं हत्यार द्यायचं ते त्याच्या आवडीवर नव्हे, मशीनवर चढलेल्या जॉबवर ठरे. चांगला मायक्रोमीटर हाती आला म्हणून कुणी मिरवत बाहेर पडलेला मी पाहिला नाही. पोराला मी हेच सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही. माझंही तेव्हा तेवढ्यावर समाधान झालं नव्हतं.

मग पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र पुन्हा काढलं. करिंथची मंडळी बंदरावरची, पण आपल्यासारखीच सरमिसळ, भांडकुदळ. कुणाचं दान मोठं यावरून तिथं रुसवेफुगवे. पौल बाराव्या अध्यायात सांगतो की दानं निरनिराळी, पण देणारा आत्मा एकच. आणि वाटणी त्याच्या इच्छेनं होते, मागणाऱ्याच्या लायकीनं नव्हे. ग्रीकमधला मूळ शब्दच कृपेवरून आलेला आहे, म्हणजे तो पगार नाही आणि बक्षीसही नाही. शिवाय जे मिळतं ते सगळ्यांच्या हितासाठी. चौदाव्या अध्यायात तर तो म्हणतो, मंडळीत न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द बरे. हे बोलणारा माणूस द्राक्षं आंबट म्हणणारा नव्हे. आपण तुम्हां सगळ्यांहून जास्त अन्य भाषांत बोलतो, असं त्यानंच आधी सांगून टाकलंय.

'दान' या शब्दानं मात्र मराठी माणसाचा घोटाळा होतो. दान म्हटलं की दिलं, हक्क सोडला, आता ते घेणाऱ्याचं. पेत्र त्याच्या पत्रात दान मिळालेल्याला कारभारी म्हणतो. कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या असतात, वाडा नसतो. (आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. त्यावर इथं लिहीत नाही.) आणि आपल्या कानाला याहून जवळचा शब्द आहेच. आमच्या घरापासून नगर रोडनं निघालं की तासाभरात नेवासे लागतं. तिथं 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि शेवटी मागणं आलं ते पसायदानाचं. पसाय म्हणजे प्रसाद, कृपा. शब्दानं पाहिलं तर पसायदान म्हणजे कृपादानच. पौलाचा ख्रिस्त आणि ज्ञानदेवांचा विश्वात्मक देव यांची मी गल्लत करत नाही. पण एवढं मोठं काम संपवून जे मागितलं त्यात स्वतःसाठी काहीच नाही, हे आषाढीला वाळूजच्या छोट्या पंढरपुरात गर्दीत उभं राहिलं की मला दर वर्षी नव्यानं आठवतं.

अन्य भाषांची गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. दौंडजवळच्या केडगावात (नगरचं केडगाव वेगळं) पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905च्या जूनअखेर मुली रात्री प्रार्थना करत होत्या. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवलंय की, एका मुलीला ज्वाळांनी वेढलेलं पाहून जवळची एक जण पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार, तोच कळलं की मुलगी जळत नाहीये. मला त्या ज्वाळांपेक्षा ती बादली जास्त आवडते. समोर चमत्कार चाललाय आणि तिला सुचलं ते पोर वाचवायचं.

पुढच्या वर्षी तिथं अन्य भाषाही आल्या. रमाबाईंनी त्यांची टिंगल होऊ दिली नाही. पण पवित्र आत्म्याची ती एकमेव आणि आवश्यक खूण आहे, याला शास्त्रात आधार नाही, असंही त्यांनी 1907 मध्ये स्पष्ट लिहिलं. स्वतः त्या काय करत होत्या? कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' ठरवलेली ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणत बसली होती. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी हे मुक्तीतल्या मुलीबायकांच्या हातचं. दुष्काळातून आणलेल्या, एके काळी अक्षरओळख नसलेल्या कित्येक मुली त्यांत होत्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, 1924 मध्ये संपूर्ण बायबल निघालं. पौल न कळणाऱ्या बोलण्याला अर्थ सांगणारा हवा म्हणतो. ते दान मला त्या छापखान्यात दिसतं.

पौलाच्या त्या बाराव्या अध्यायात अठ्ठाविसाव्या वचनात एक यादी आहे. तीत चमत्कार आहेत, रोग बरे करणं आहे, आणि त्यांच्याच रांगेत साहाय्य करणं आणि व्यवस्था पाहणं आहे. अन्य भाषा शेवटी. सभांचे फलक रंगवणाऱ्यांना ही मधली दोन कधी सुचत नाहीत.

आमच्या खोलीत दाराजवळ बसणारी एक मावशी आहे, जालन्याकडची. मंडळीतलं कुणी घाटी रुग्णालयात भरती झालं की रात्रीला तीच थांबते. केसपेपर कुठं मिळतो, रक्ताची बाटली कुठून आणायची, वॉर्डातल्या कोणत्या सिस्टरला विचारायचं, हे तिला पाठ. डिसेंबरात त्या लातूरच्या पोराचं बोट प्रेसमध्ये सापडलं. चार रात्री ती त्याच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपली. तिला अन्य भाषा येत नाहीत.