मागचा जिना

माझ्या मुलीनें व जांवईबापूंनीं इंग्लंडांत, श्रॉपशर परगण्यांत, शेतावरचें एक जुनें घर घेतलें आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी तेथें महिनाभर राहिलों. पहिले आठ दिवस मीं त्या घराची इतकी स्तुति केली कीं, हे गृहस्थ आतां परत जात नाहींत, अशी जांवईबापूंना धास्तीच पडली असावी.

घर १८६० च्या सुमाराचें. लाल विटांचें, निळसर पाटीच्या दगडानें शाकारलेलें. मधोमध दार, दोहों बाजूंस एकेक उंच खिडकी, वर तीन. त्याचा काळ त्याच्या तोंडावरच लिहिलेला आहे. १८४५ सालीं कांचेवरील कर उठला, १८५० सालीं विटांवरील, १८५१ सालीं खिडक्यांवरील. तेव्हां चिमुकल्या तावदानांवर भागविणारा शेतकरी मोठ्या कांचा बसवूं लागला. वेल्समधील पाटीचा दगड आगगाडीनें दूरदूर जाऊं लागला. १८४६ सालीं परदेशी धान्यावरील जबर जकात गेली तेव्हां शेतकरी बुडालाच, असें पुष्कळांनीं म्हटलें होतें. परंतु पुढचीं पंचवीस-तीस वर्षें बरकतीचीं गेलीं, आणि त्या बरकतीचा बराच भाग अशा घरांच्या भिंतींत मुरला.

मला सर्वांत आवडलें तें दूधघर. तोंड उत्तरेकडे, जमीन दोन पायऱ्या खोल, दगडी फरशी, खिडकीला कांचेऐवजीं जाळी. पसरट भांड्यांतील दुधावर साय धरेपर्यंत ऊन म्हणून आंत येऊं नये, एवढ्यासाठीं हा सारा खटाटोप. (खिडक्यांवर कर होता तेव्हां दूधघराला तो माफ असे, मात्र दारावर तसें लिहावें लागे. तीं अक्षरें त्याहून जुन्या घरांच्या चौकटींवर कोठें कोठें अजून दिसतात.) स्वयंपाकघराची खिडकी गोठ्याच्या अंगणाकडे, दिवाणखान्याची बागेकडे. ज्या गाईच्या जिवावर दिवाणखाना उभा राहिला ती तेथून दिसूं नये, ही व्यवस्था मात्र मला जरा मौजेची वाटली.

एके दिवशीं मुलगी म्हणाली, “बाबा, वरची एक भिंत पाडावी म्हणतें. तुम्हांला काय वाटतें?”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतून एक अरुंद, अंधारा जिना वर जातो व उतरत्या छपराच्या एका खोलींत संपतो. पलीकडे लागूनच घरधन्याच्या निजावयाच्या खोल्या. पण मध्यें दार नाहीं. मीं म्हटलें, गवंड्याची चूक झाली असेल.

“चूक कसली, बाबा? येथें गडीमाणसें निजत.”

विल्यम कॉबेट नांवाचा फटकळ लेखक १८२५ सालीं सरे परगण्यांत, रायगेटजवळ, अशाच एका शेतघराच्या लिलावास गेला होता. गडीमाणसांसह सारें घर जेथें जेवी तीं ओकचीं लांबलचक टेबलें वापराबाहेर गेलेलीं त्यानें पाहिलीं. आणि नव्या दिवाणखान्यांतील गालिचा व चाकराला बोलावण्याच्या घंटेची दोरी पाहून त्याचें पित्त खवळलें. पस्तीस वर्षांनीं बांधलेल्या या घरांत ती ताटातूट आराखड्यांतच आली आहे.

मी त्या इंग्रज शेतकऱ्याला नांवें ठेवणार, तोंच जीभ अडखळली. आमच्या साताऱ्याकडील घरीं लाकडें फोडणाऱ्या म्हाताऱ्याची कान तुटलेली कपबशी मागल्या पडवीच्या कोनाड्यांत असे. चहा वरून ओतावयाचा, आणि बशी त्यानेंच विसळून ठेवावयाची. मीं त्याविषयीं कधीं कोणाला कांहीं विचारलें नाहीं. कोनाडा घराबरोबरच बांधलेला होता. त्यांत विचारण्यासारखें कांहीं आहे, असें वाटलेंच नाहीं.

त्या रात्रीं मीं हट्टानें त्या खोलींत अंथरूण घालून घेतलें. खिडकी एकच, तीहि गोठ्याकडे. मध्यरात्रीं भिंतीपलीकडे नातू खोकूं लागला. इतका जवळ कीं, हात पुढें करून पाठ थोपटावी. त्याच्यापाशीं जाण्यासाठीं मला काळोखांत चांचपडत खालीं स्वयंपाकघरांत उतरून, दिवाणखान्यावरून जाऊन दुसरा जिना चढावा लागला.

तें घर संरक्षित वास्तूंच्या यादींत आहे. भिंत पाडावयाची तर तेथील अधिकाऱ्यांची संमति लागते. सकाळीं चहा घेतांना मीं मुलीला म्हटलें, “अर्ज कर.”