हमालाचं गाणं

गाणं गोऱ्यानं लिहिलं, पण हमाल काळा. १९२७ साली न्यूयॉर्कला ‘शो बोट’ हे संगीत नाटक आलं. शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे, चाल जेरोम कर्नची. त्यातलं ‘ओल्ड मॅन रिव्हर’. मिसिसिपीच्या धक्क्यावर ओझी वाहणारा माणूस नदीकडं बघतो. नदीला कुणाचं काय? ती आपली चाललीय. हा मात्र शेवटी हताश.

हे गाणं पॉल रॉबसननं जगभर नेलं. त्याचा बाप गुलामीतून पळालेला. पोरगा कोलंबियात कायदा शिकला, १९२३ साली पदवी घेतली. त्याच विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. रॉबसन वकिलीच्या कचेरीत गेला, तर गोऱ्या टायपिस्टनं त्याचा मजकूर उतरवून घेतला नाही. बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांपुढं लांबून फायली फेकत. डिग्री दोघांकडं होती, तरी माणूसपण नाकारलंच.

मग १९३०च्या दशकाच्या अखेरीला रॉबसननं गाण्याचे शब्दच बदलले. चाल तीच ठेवली. आता त्याचा हमाल रडत नाय, झुंजतो. १९५० साली सरकारनं त्याच्या राजकारणापायी पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ला परत मिळाला. तरी त्यानं बदललेले शब्द मागं घेतले नाहीत.

मी साच्यावर उभा राहून कविता जुळवतो. लोक म्हणतात, दुःखाचं काय तरी ऐकव. आपल्या रडण्याला टाळ्या लगेच पडतात, हे त्यातलं बेणं. आपल्यावर दुसऱ्यानं लिहिलेलं गाणं तसंच्या तसं गायचं का? वस्तीत जलसा लावाल तेव्हा आधी हे ठरवा.