कोमोचे सरोवर आणि उन्हातले मासे

कोमो सरोवर मिलानच्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. त्याचे जुने नाव लारिओ, आणि काठावरची माणसे ते अजून वापरतात. हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत पाणी साठून ते तयार झाले. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नाही. पण खोली चारशे मीटरहून अधिक आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम १९८ मीटर उंच असल्यामुळे सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली दोनशे मीटर जातो. त्याला तीन फाटे आहेत. उत्तरेच्या फाट्यातून अड्डा नदी आत येते आणि आग्नेयेच्या फाट्यातून, लेक्को गावाजवळ, बाहेर पडते. नैर्ऋत्येच्या फाट्याच्या टोकाला कोमो शहर आहे. तिथून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. तिन्ही फाटे एकत्र येतात त्या भूशिरावर बेलाजिओ वसले आहे. पर्यटकांची सर्वांत जास्त गर्दी तिथेच असते.

खासगी बोट केव्हा घ्यायची हे इथे वारा ठरवतो. पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत डोंगराकडून तिवानो वाहतो. तो हलका असतो, पाणी फारसे ढवळत नाही. दुपारी वारा फिरतो आणि दक्षिणेकडून ब्रेवा सुरू होतो. ब्रेवा शिडांच्या होड्यांना हवाहवासा असतो, पण उथळ लाकडी बोटीत बसलेल्यांची हाडे खिळखिळी करतो. तरीही दुपारच्या फेऱ्यांना मागणी जास्त दिसते, कारण सकाळी माणसे हॉटेलातली न्याहारी सोडत नाहीत.

बोटींचे प्रकार तीन. पहिला म्हणजे महोगनी लाकडाची, पॉलिश केलेली, चामड्याच्या गाद्यांची मोटरबोट. सिनेमात आणि जाहिरातीत दिसते ती हीच. ती दिसायला देखणी असते, पण वेग घेतला की इंजिनापुढे नावाड्याचा शब्द ऐकू येत नाही. दुसरा प्रकार स्वतः चालवायच्या लहान बोटीचा. इटलीत सुमारे चाळीस अश्वशक्तीपर्यंतच्या बोटीला परवाना लागत नाही, त्यामुळे ही बोट कोणालाही भाड्याने मिळते. सरोवर समजून घ्यायचे असेल तर ती घेऊ नये; सगळे लक्ष सुकाणूवर आणि मोठ्या फेरीबोटींच्या लाटांवर राहते. तिसरा प्रकार जुन्या मासेमारीच्या होडीचा. तिला लुचिया म्हणतात. हे नाव तिला अलेस्सांद्रो मान्झोनीच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीच्या नायिकेवरून मिळाले. ती रात्रीच्या अंधारात होडीतून सरोवर ओलांडून पळते. सपाट तळ आणि वर ताडपत्री ताणण्यासाठी वाकवलेल्या लाकडी कमानी ही लुचियाची खूण. आता बहुतेक लुचियांना मोटर बसवलेली असते, पण ती सावकाश चालते, आणि सावकाशीच्या बाबतीत हिची बरोबरी दुसरी कोणतीच बोट करत नाही. प्रस्तुत लेखिकेने जूनमध्ये वारेन्ना या काठावरच्या गावाहून अशीच एक होडी नावाड्यासह अर्ध्या दिवसासाठी घेतली. मिलानचे चर्च, कोमोची रेशमाची दुकाने, बेलाजिओच्या पायऱ्यांवरची धक्काबुक्की हे सगळे बाकीच्या प्रवासात होते. त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

वारेन्नाहून निघाल्यावर थोडे दक्षिणेला फिउमेलात्ते लागते. ही नदी सुमारे अडीचशे मीटर लांबीची. गुहेतून बाहेर पडते, दगडांवरून पांढरीशुभ्र कोसळते आणि लगेच सरोवराला मिळते. ती वसंतात सुरू होते आणि शरदात बंद पडते. लिओनार्दो दा विंचीने तिची नोंद केली आहे. हे टिपण्याची इच्छा त्याला का झाली असावी, ते पाण्यावरून पाहिल्यावर कळते. रस्त्यावरून तिचा केवळ एक पूल दिसतो.

बेलाजिओचे भूशीर वळसा घालून पश्चिम किनाऱ्याकडे गेले की बागांची रांग सुरू होते. पाण्याची ऊब काठाला धरून राहते, म्हणून आल्प्सच्या इतक्या जवळही इथे ऑलिव्ह, लिंबू आणि ताडाची झाडे जगतात. त्रेमेझ्झोची विला कार्लोत्ता, मग मेझ्झेग्राचा चढ. १९४५ च्या २८ एप्रिलला मुसोलिनीला याच मेझ्झेग्रात गोळ्या घातल्या गेल्या. आदल्या दिवशी तो उत्तरेला दोंगो इथे पकडला गेला होता. पाण्यावरून तिथे फक्त घरे आणि कुंपणे दिसतात.

लेन्नोच्या पुढे एक झाडीने भरलेली सोंड पाण्यात घुसते. तिच्या टोकाला विला देल बाल्बिआनेल्लो आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी कार्डिनल आंजेलो मारिआ दुरिनीने ती उभी केली. सोंडेवर जागा अरुंद, त्यामुळे बाग पसरवता आली नाही. झाडे छाटून, वेली भिंतींवर चढवून ती डोंगराच्या अंगाला बसवावी लागली. ही अडचण हाच तिचा मोठा गुण ठरला आहे. शेवटचा मालक ग्विदो मोन्झिनो १९७१ मध्ये उत्तर ध्रुवावर पोहोचला आणि १९७३ मध्ये एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचा प्रमुख होता. १९८८ मध्ये तो वारला तेव्हा विला त्याने इटलीच्या वारसा संस्थेला देऊन टाकली. बागेतल्या जुन्या बर्फघरात त्याची समाधी आहे. भारतीय प्रवासी दिसला की नावाडी मात्र दुसरीच गोष्ट सांगतात: २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचे लग्न इथे झाले, त्यातला एक दिवस कोंकणी पद्धतीचा होता. मोन्झिनोबद्दल विचारले तर तेही सांगतात. फक्त विचारावे लागते.

सोंड ओलांडली की कोमाचीना बेट समोर येते. सरोवरातले हे एकमेव बेट. एके काळी ते तटबंदीचे, चर्चनी भरलेले आणि श्रीमंत होते. कोमो आणि मिलान यांच्या युद्धात त्याने मिलानची बाजू घेतली. पुढे कोमोचे दिवस पालटले आणि ११६९ मध्ये कोमोच्या लोकांनी बेट जाळून टाकले. उरलेली माणसे पाण्यापलीकडे वारेन्नाला जाऊन राहिली. म्हणजे सकाळी ज्या गावातून होडी सुटली, ते गाव या आगीतून वाचलेल्या माणसांनी भरले होते. आजही जूनच्या शेवटी, संत योहानाच्या सणाला, पाण्यावर छोटे दिवे सोडतात आणि बेटावर आतषबाजी करून ती आग आठवतात. पूर्वी हे दिवे गोगलगाईंच्या शंखांत लावत.

बेट आणि साला कोमाचीना गाव यांच्या मधल्या पाण्यात नावाड्याने मोटर बंद केली. इथे पाणी निवांत असते. ठरलेल्या फेरीप्रमाणे इथून दक्षिणेला चेर्नोबिओपर्यंत जायचे होते: आणखी विला, आणखी प्रसिद्ध मालक. त्याच वेळी गावाकडून वाऱ्याच्या झुळकेबरोबर खारवलेल्या माशांचा वास आला. किनाऱ्यावरच्या एका घराच्या गच्चीवर, कपडे वाळत घालतात तशा दोऱ्यांवर, चांदीसारखे चपटे मासे ओळीने टांगलेले दिसत होते. रत्नागिरीकडच्या माणसाला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. पुढच्या विला रद्द करून तिथे जाता येईल का, असे विचारल्यावर नावाड्याने आधी दोनदा खात्री करून घेतली. मग म्हणाला की ती गच्ची त्याच्या मोठ्या बहिणीची आहे, आणि होडी वळवली.

माशाचे नाव अगोने. तो हेरिंग आणि तारली यांच्या गटातला आहे. त्याचे पूर्वज समुद्रातून नद्यांत चढणारे, पण हा मासा कायमचा सरोवरात राहिला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अगोने अंडी घालण्यासाठी खोल पाण्यातून काठाच्या वाळू-गोट्यांकडे येतात, आणि मासेमारीचा मोठा हंगाम त्याच सुमाराचा. पकडलेल्या माशांचे पोट साफ करतात, थरांत मीठ लावून ते दीड-दोन दिवस ठेवतात, मधूनमधून उलटतात. मग डोक्यातून दोरा ओवून उन्हात आणि वाऱ्यात वाळवतात. इथपर्यंतचे काम कोकणातल्या कोणत्याही खळ्यावर चालते तसेच आहे.

फरक पुढे आहे. वाळलेले मासे उभट पत्र्याच्या डब्यात गोल रचतात, प्रत्येक थरावर तमालपत्राच्या जातीची सुगंधी पाने घालतात आणि वरून जड दाब देतात. दाबाखाली माशांतले तेल सुटून वर येते. ते काढून टाकावे लागते, नाहीतर खवट होते. बहिणीने डबा उघडून दाखवला तेव्हा मासे एकमेकांना चिकटून पितळी रंगाचे झाले होते, आणि प्रत्येकाच्या पोटावर पानाच्या शिरांचा ठसा उमटला होता. अशा माशांना मिसोल्तीनी म्हणतात. ते काही महिने दाबात राहिल्यावरच खाण्याजोगे होतात. म्हणून गच्चीवर टांगलेले मासे यंदाचे, आणि डब्यातले गेल्या उन्हाळ्याचे शेवटचे थर होते.

बहिणीला इटालियनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. भाऊ मधे उभा राहून दोन्हीकडचे सांगत होता. कोकणात मासे कसे वाळवतात हे तिला जाणून घ्यायचे होते. बांबूच्या वलांडीवर बोंबील कसे टांगतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी कशी करतात आणि दोऱ्याची गरजच कशी पडत नाही, हे तिला हातांनी दाखवले. तिने लगेच दोन अगोने घेऊन त्यांचे जबडे अडकवून पाहिले. ते निसटले. तिने पुन्हा पाहिले, पुन्हा निसटले. अगोनेचा जबडा बोंबलाच्या जबड्यासारखा लांब दातांचा नसतो, त्यामुळे पकड बसत नाही. ती मनापासून हसली आणि दोरा ओवायला परत बसली.

जेवण अंगणातल्या जाळीवर झाले. निखारे लाल, ज्वाळा नाही. मिसोल्तीनी दोन्ही बाजूंनी थोडाच वेळ भाजले. राहिलेले तेल निखाऱ्यांवर टपटपून धूर झाला. मग तिने सुरीच्या पाठीने खवले आणि करपलेली कातडी खरवडली, मासा उघडून मधला काटा एका ओढीत काढला आणि वरून व्हिनेगर शिंपडले. शेजारी मक्याच्या पिठाचा घट्ट पोलेंता, चौकोनी कापून त्याच जाळीवर कडक केलेला. बाकी काही नाही, लिंबूसुद्धा नाही. व्हिनेगर माशाचा खारटपणा कापते आणि पोलेंता तो शोषून घेतो. कोकणात खारा बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खातात तेव्हा पेज हेच काम करते. पण वाळलेला बांगडा ताठ असतो. मिसोल्तीनी दाबलेला असल्यामुळे आतून मऊ राहतो आणि त्याची चव जास्त वेळ तोंडात टिकते. हे प्रामाणिकपणे लिहायला हवे, कारण कोकणातल्या माणसाला सुक्या माशाच्या बाबतीत कोणाला वरचढ म्हणायला जड जाते.

जेवताना बहिणीने एक तक्रार सांगितली. शेजारची दोन घरे आता सुट्टीसाठी भाड्याने देतात आणि तिथल्या पाहुण्यांना वास सहन होत नाही. म्हणून तिने मासे खालच्या धक्क्यावरून वरच्या गच्चीवर हलवले. पूर्णवेळ मासेमारी करणारी घरे काठावर आता थोडीच उरली आहेत, आणि जी आहेत त्यांना वाऱ्याची दिशा पाहून मासे वाळवावे लागतात. हा वास नको असणाऱ्यांनी या सरोवराला यावे कशाला, असा प्रश्न पडतो. विला बांधणारे कार्डिनल आणि सरदार यायच्या आधीपासून इथले लोक या पाण्यावरच जगत आले आहेत. बाल्बिआनेल्लोच्या टोकावरही दुरिनीच्या आधी मठ होता, आणि मठातल्या माणसांच्या ताटातला मासा याच पाण्यातून आला असणार. हा इतिहास विलांच्या यादीत येत नाही.

जेवण उरकेपर्यंत ब्रेवा सुरू झाला होता. परतीचा रस्ता वाऱ्याबरोबर असल्यामुळे सोपा गेला. होडी लाटांबरोबर वर-खाली होत उत्तरेला सरकत राहिली, आणि नावाड्याने अर्धा वेळ मोटर जवळजवळ बंद ठेवली. चेर्नोबिओ पाहायचे राहिले. ते कोमो शहरातून बसनेही दिसते.

कोमोवर खासगी बोट घेण्याचा खरा फायदा वेगात नाही आणि गादीत नाही. सार्वजनिक फेरीबोट तेच किनारे कमी पैशात दाखवते. ती फक्त मधेच थांबत नाही. म्हणून बोट ठरवताना विलांची यादी आखूड करावी, सकाळची वेळ घ्यावी, लुचिया मिळाली तर तीच घ्यावी, आणि नावाड्याला आधीच सांगावे की वाटेत थांबायचे आहे. मे-जूनमध्ये गेलात तर मासे वाळताना दिसतील. मिसोल्तीनी काठावरच्या साध्या खानावळींतही मिळतात. बरोबर व्हिनेगर आले नाही तर मागून घ्यावे.