पुण्यात रुळताना इंदूर

स्नेहलतागंज, इंदूर

चि. भाचीस,

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या कॉलेजात रुळायचं तर आधी इंदूर अंगावरून उतरवावं लागेल, असं तुझ्या मनानं घेतलेलं दिसतं. बोलण्यातलं हिंदी वळण, खाण्याच्या सवयी, घरचे रोजचे फोन, सगळंच. तुझी ही समजूत अगदी निराधार आहे असं मी म्हणणार नाही, कारण अभ्यासकांनीही एके काळी तसंच मांडलं होतं. विद्यार्थी कॉलेज अर्धवट का सोडतात, याचा व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकानं वर्षानुवर्षं विचार केला. १९८८ च्या एका लेखात त्यानं दीक्षाविधींच्या तीन पायऱ्या पहिल्या वर्षाला लावल्या: जुन्या माणसांपासून दूर होणं, मग अधांतरी काळ, मग नव्यात सामावणं. विल्यम टिअर्नीनं १९९२ मध्ये त्यावर नेमकं बोट ठेवलं. दीक्षाविधी माणसाला त्याच्याच समाजात पुढच्या पायरीवर नेतो. मुंज झालेला मुलगा राहतो त्याच घरात. अमेरिकेतल्या आदिवासी मुलांना मात्र कॉलेजात टिकण्यासाठी आपला समाजच मागे टाकायला सांगितलं जात होतं, आणि त्याला दीक्षा म्हणणं चूक आहे, असं टिअर्नीचं म्हणणं. जुन्या नात्यांचा आधार कित्येकांना तारतो, हे पुढे टिंटोनंही मान्य केलं. मला टिअर्नी पटतो, आणि त्याचं कारण तू जिथं वाढलीस ते गावच आहे.

होळकरांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेली मराठी माणसं इथं रुळली ती मराठी टाकून नव्हे. त्यांनी माळवी ऐकली, हिंदीत व्यवहार केला आणि घरात मात्र ती मराठीच बोलत राहिली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ साली या शहरात भरलं. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलणारे. होळकर कॉलेजातून १९३८ साली ते बी. ए. झाले आणि पाचच वर्षांनी ‘तार सप्तक’ या संग्रहातून हिंदी कवितेत ठामपणे उभे राहिले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र इंदुरात जन्मले, मराठीत लिहिते झाले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या मराठी समीक्षाग्रंथाला मिळाला. एका घरातून दोन भाषांचे दोन लेखक निघाले, आणि दोघांपैकी कुणालाही दुसरी भाषा पुसून टाकावी लागली नाही. तुझ्या बोलण्यातलं हिंदी वळण याच वारशातून आलेलं आहे. त्याची लाज धरावी असं त्यात काहीही नाही.

मुक्तिबोध असामान्य होते, सामान्य मुलीला त्यांचा दाखला कशाला, असं तू म्हणशील. ते बरोबर आहे, म्हणून साध्या विद्यार्थ्यांचा पुरावा देते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला एक प्रयोग २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी सुमारे तासाभराच्या बैठकीत एवढंच दाखवलं, की ‘आपण इथले नाही’ असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि काळाबरोबर ते ओसरतं. मग ते मुलांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर निम्म्यावर आलं. त्या मुलांना आपलं घर बदलावं लागलं नव्हतं. परकेपणाचा त्यांनी लावलेला अर्थ तेवढा बदलला होता. आजचा परकेपणा म्हणजे आपल्या कुवतीचा निकाल, असं एकदा मानलं की मूल वर्गात हात वर करत नाही, शंका विचारत नाही, मागे पडतं, आणि मग तो खोटा निकालच खरा ठरू लागतो.

दुसरी शंका जास्त वजनाची आहे. घर धरून ठेवायचं म्हणजे इंदूरच्या चारपाच जणींचा कंपू करून बसायचं आणि रोज रात्री तासभर फोनवर रडायचं, असं तर होणार नाही? होऊ शकतं. पण त्याला घर धरून ठेवणं म्हणता येणार नाही, ते घरामागे लपणं झालं. माळव्यात आलेली माणसं आपल्याच वाड्यात दार लावून बसली असती तर इथली मराठी केव्हाच संपली असती. फोन जरूर कर, मात्र दिवस पुण्यातल्या माणसांत घालव. आणि सगळंच काळावर सोडू नकोस. विषयच चुकला असेल तर तो बदलणं शहाणपणाचं आहे. एक-दोन परीक्षा होऊ दे, मग शिक्षकांशी बोलून ठरव. झोप-जेवण उडालं, आठवडे गेले तरी मन उठत नाही, असं झालं तर तो रुळण्याचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरकडे जा किंवा सरकारच्या टेली मानस सेवेला १४४१६ वर फोन लाव. त्यात कमीपणा नाही.

एवढ्या सगळ्यावर माझं मागणं एकच आहे. या आठवड्यात कुठल्याही एका तासाला हात वर कर आणि शंका विचार, वाक्य आधी मनात घासूनपुसून न घेता, आपल्या नेहमीच्या इंदुरी मराठीत.

तुझी,
मावशी